बुडालेल्या शिवारावरची वाट

उन्हाळा लागला की सोलापुरात तापमानाच्या आकड्याशेजारी उजनीची टक्केवारी वाचली जाते. धरण शंभर टक्के भरलं की शहर निर्धास्त होतं. साठा उणेमध्ये गेला की नळाला पाणी किती दिवसांनी येणार याचा हिशोब घरोघरी मांडला जातो. हीच टक्केवारी आम्हा सोलापूरकरांहून बारकाईने वाचणारी माणसं करमाळा आणि इंदापूर तालुक्यांच्या काठांवर गेली चार दशकं आहेत. होडीवाले आणि लाँचवाले. आज होडी कुठून सोडायची, पलीकडे कुठे लावायची आणि मधे कुठे वळसा घ्यायचा, हे त्यांना त्या आकड्यावरून ठरवावं लागतं.

भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पुढे जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं, पण काठावर ते कुणी घेत नाही. इथे ‘धरण’ म्हटलं की भिंत नव्हे, पाणी. साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत. टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याची, म्हणून शून्य टक्के म्हणजे कोरडं धरण नव्हे. पूर्ण संचयाची पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३. शंभर ते शून्य यांच्यात जेमतेम एकोणीस फुटांचा फरक. कोकणातल्या दरीत एकोणीस फूट म्हणजे काहीच नाही. इथली जमीन सपाट, काठ पसरट. पाणी हातभर उतरलं की काठ कित्येक पावलं मागे सरतो, आणि कालची होडी लावायची जागा आज चिखलात असते.

धरण भरलं तेव्हा पाण्याखाली रिकामं मैदान गेलं नव्हतं. वस्त्या, देवळं, बाभळी, बांध, मोटेच्या विहिरी असं अख्खं शिवार गेलं. मुंबई-सोलापूर लोहमार्ग इथे नव्या वाटेने न्यावा लागला, आणि डिकसळचा इंग्रजांच्या काळातला रेल्वेपूल पुढे रस्त्याच्या वाहतुकीला लागला. नदीच्या दोन तीरांवर ज्यांची सोयरीक, बाजार, दवाखाना होता, त्यांच्यात आता समुद्रासारखं पाणी पसरलं. करमाळ्याच्या काठावरच्या कुगावहून समोर इंदापूरच्या काठावरची कळाशी दिसते, पण रस्त्याने जायचं तर टेंभुर्णीकडून किंवा भिगवणकडून मोठा फेरा. तेव्हा होडी आली. आधी वल्ह्याची, मग मोटारीची, मग दुचाकीसुद्धा चढवून नेणारी. शाळेची पोरं, दुधाची किटली, आजारी म्हातारी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं त्यातून गेलं.

सुरुवातीच्या वर्षांत ही होडी हाकणाऱ्यांना नकाशा लागत नव्हता, कारण तळ त्यांच्या पायाखालचा होता. जिथे त्यांनी नांगर धरला, तिथूनच ते वल्हं मारत होते. म्हणून त्यांच्या बोलण्यात खुणा जमिनीच्याच राहिल्या. जुन्या गावठाणाच्या डाव्या अंगाने घ्यायचं, अमक्याच्या विहिरीला वळसा घालायचा, ओढा लागला की मोटार पूर्ण सोडायची. ओढ्याचं पात्र तळाशी खोल, म्हणून तिथे निर्धोक. विहिरीचं मात्र भय. खोल विहीर होडीला काय करणार, असं वाटेल. पण मोटेच्या विहिरीला दगडी थारोळं असतं, धाव असते, बांधीव काठ असतो. साठा उणेमध्ये गेला की हे घडीव दगड पाण्याखाली वीतभर उरतात आणि वरून काहीच दिसत नाही. फायबरचा तळ त्यावर घासला की आवाजावरूनच कळतं, आता दुरुस्तीचा खर्च आला.

तळाचा अंदाज घ्यायला अजूनही बांबूच. गाळात तो मुकाट रुततो आणि काळा होऊन वर येतो, वाळूवर खरखरतो, दगडावर टणकन उडतो. मुरलेला माणूस बांबूकडे बघतही नाही, तळहातावरूनच ओळखतो. दुसरं मोजमाप पक्ष्यांचं. कुंभारगाव-भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी जिथे उभे, तिथे पाणी गुडघाभर. मोटार वर घ्यायची. इतरत्र अशा खुणा सरकार लावतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून जी आतली जलवाट आहे, तिथे लाल-हिरव्या खुणांचे खांब रोवलेले असतात आणि सरकार गाळ उपसून खोली राखतं. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले. त्यांत भीमाही आहे, पण ती खालची, कर्नाटक-तेलंगणातली. उजनीच्या वाटेला बांबू आणि रोहित.

या वाटेची खरी मोजणी दुष्काळाने केली. २०१६ च्या उन्हाळ्यात साठा खोल उणेमध्ये गेला आणि २०२४ च्या जूनमध्ये तर उणे ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्यातलंही निम्मं पाणी संपलं. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर, ज्याचं एरवी शिखर तेवढं दिसतं, ते पायथ्यापर्यंत उघडं पडलं. कुगावचा इनामदारांचा वाडा पाहायला माणसं गाड्या करून गेली, फोटो काढून परतली. काठावरचे होडीवाले त्या दिवसांत वेगळंच पाहत होते: कुठला बांध ढासळला, कुठे गाळ चढला, कुठली विहीर बुजली. पाणी परतलं की हीच माहिती पुढची काही वर्षं पुरवायची.

पण तळही एकसारखा राहिलेला नाही. पुण्याकडून येणारा गाळ साचतो आहे. वाळूउपशाच्या बोटींनी जागोजागी खड्डे पाडले. महसूल खात्याने अशा बोटी पकडून फोडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात, खड्डे मात्र राहतात. कमरेइतक्या पाण्यात उतरून होडी ढकलणाऱ्याचा पुढचा पाय अचानक पोकळीत जातो तो याच खड्ड्यांमुळे. शिवाय पाणी हटलं की शेतकरी मागोमाग येतात. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते, पाणी उपसणाऱ्या मोटारी तराफ्यांवर चढतात, पाइप आणि केबली पाण्याबरोबर पुढे सरकतात. चिलापीसाठी लावलेली जाळी वेगळीच. त्यातलं एखादं होडीच्या पंख्यात गुंतलं की मोटार बंद. यात कुणाला दोष द्यावा? ऊस वाळतोय म्हणून पाइप पुढे आला, सोलापूरला प्यायला नदीतून पाणी सोडलं म्हणून काठ मागे गेला. आमच्या टाकळीच्या पंपगृहाची तहान आणि कुगावच्या होडीची अडचण एकाच हिशोबातली आहे, हे शहरात फारसं कुणी बोलत नाही.

उजनीवर जीव गेले ते मात्र होडी रुतल्याने नव्हे. एप्रिल २०१७ मध्ये जलाशयात फिरायला गेलेल्या डॉक्टरांची होडी उलटली, चौघे बुडाले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. बोट नंतर सुमारे ३५ फूट खोल तळाशी सापडली. साठा खोल उणेमध्ये असतानासुद्धा नदीच्या मूळ पात्रात एवढं पाणी असतं. उथळ पाण्याची सवय झालेल्याला नेमका याचाच विसर पडतो. वळवाचं वारं या उघड्या पाण्यावर अडवायला झाड नाही की टेकडी नाही. दुपार कलली की आभाळ काळवंडतं आणि तेवढ्या वेळात काठ गाठता येत नाही. जुने लोक मे महिन्यात दुपारनंतर होडी सोडायला कुरकुर करायचे. पलीकडे लग्न असलं, बस गाठायची असली, की कुरकुरीला किंमत राहत नाही. लाइफ जॅकेटची सक्ती मात्र अपघात होईपर्यंत कुणी मनावर घेतली नव्हती, आणि माझ्या मते गाळ, विहिरी, जाळी या सगळ्यांपेक्षा ती चूक मोठी होती.

आता कुगाव-शिरसोडी पुलाचं काम हाती घेतलं गेलं आहे. पूल झाला की माणसं आणि दुचाक्या होडीतून उतरतील, आणि ते चांगलंच आहे. आजारी माणसाला वाऱ्याचा अंदाज घेत बसायला लावणं हा काही वारसा नव्हे. होड्या मासेमारीला आणि पक्षी दाखवायला राहतील. पक्षी दाखवणारी नवी पोरं हुशार आहेत, लांबून पाहूनच पाणपक्षी ओळखतात. विहिरी त्यांना ठाऊक नाहीत, कारण ती जन्मली तेव्हा विहिरी केव्हाच पाण्याखाली गेल्या होत्या.

खरं तर या तळाचा लेखी तक्ता कधीचाच तयार आहे. धरणासाठी जमीन गेली तेव्हा मोबदला ठरवायला शेतातल्या विहिरी, झाडं, बांधकामं नोंदवली गेली. कुठल्या सर्व्हे नंबरात काय बुडणार, हे भूसंपादनाच्या कागदांत आहे. गाळाच्या पाहण्या पाटबंधारे खातं करतंच. दोन्ही एकावर एक ठेवून कुठल्या टक्केवारीला कुठला दगड वर येतो, एवढं काढलं आणि धोक्याच्या ठिकाणी रंगीत पिंपं तरंगत ठेवली, तर होडीवाल्यांना दुष्काळाची वाट पाहावी लागणार नाही. खर्च पुलाच्या एका खांबाइतकाही येणार नाही. कागदांची ती गाठोडी तेवढी सोडायला हवीत.