४३ की ५५? टीव्हीच्या पडद्याची चटपटीत गणितं

दसऱ्याच्या मुहूर्तावर नवा टीव्ही आणायचं ठरलं की घरात पहिली चर्चा इंचांची. ४३ पुरेल का? ५५ भिंतीवर मावेल का? थोडे पैसे घालून ६५च घ्यावा का? पण इंच अर्धीच गोष्ट सांगतात. पडदा केवढा, त्यावरचं चित्र कुठल्या आकाराचं आणि आपण बसतो किती लांब, या तिन्हींचं जमलं तरच पाहण्याची खरी मजा. या तिन्हींच्या गमती वाचा आणि मगच शोरूमची पायरी चढा.

इंच मोजतात तिरके
टीव्हीचे इंच ही रुंदी नव्हे आणि उंचीही नव्हे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा तो कर्ण. त्यामुळे ४३ इंची टीव्हीचा पडदा प्रत्यक्षात साधारण ९४ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच असतो. ५५ इंचीचा पडदा १२१ बाय ६८. लक्षात ठेवायला सोपं: आजच्या टीव्हीची उंची त्याच्या इंचांच्या जवळपास निम्मी असते.

खोक्यावरचे १०८ सेंटिमीटर
४३ इंचांचे सेंटिमीटर काढा. उत्तर येतं १०९.२. पण खोक्यावर बहुतेक वेळा छापलेलं असतं १०८. म्हणजे पडदा खरा साडेबेचाळीस इंची, पुढचा अर्धा इंच पूर्णांकात मिळवलेला! ३२ इंचीवर ८० सेंटिमीटर लिहिलेले असतात, म्हणजे साडेएकतीस इंच. दोन टीव्हींची तुलना करायची तर सेंटिमीटरचा आकडा वाचा, तोच जास्त नेमका.

इंच थोडे, पडदा भरपूर
४३ वरून ५५ वर गेलं की वाढतात फक्त १२ इंच, पण पडद्याचं क्षेत्रफळ वाढतं सुमारे ६४ टक्क्यांनी. कारण पडदा रुंदीतही वाढतो आणि उंचीतही. ३२ इंची चार पडदे दोनावर दोन असे रचले तर ६४ इंची पडदा तयार होतो. म्हणून ३२ सोडून ६५ घेणाऱ्याच्या घरी दुप्पट नव्हे, चौपट मोठं चित्र येतं.

हेच आकडे का?
३२, ४३, ५५, ६५, ७५. हे विचित्र आकडे येतात कारखान्यातून. टीव्हीचे पडदे एका अवाढव्य काचेतून कापतात आणि शिंपी कापड बेततो तशी ती काच बेतावी लागते, तुकडा वाया जाता कामा नये. २,२०० बाय २,५०० मिलिमीटरच्या काचेतून ५५ इंची सहा किंवा ३२ इंची अठरा पडदे निघतात. पुढे २,९४० बाय ३,३७० मिलिमीटरची काच आली, तिच्यातून ६५ इंची आठ किंवा ७५ इंची सहा. ज्या मापात काच कमी वाया जाते ते माप स्वस्त पडतं आणि दुकानात जास्त दिसतं.

बत्तीस इंचांची लक्ष्मणरेषा
पडद्याच्या आकाराचा संबंध थेट करापर्यंत पोहोचला होता. २०१९ च्या जानेवारीपासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के, असा फरक होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो फरक गेला. आता लहान-मोठा प्रत्येक टीव्ही १८ टक्क्यांत.

पहिला पडदा होता उभा!
मोबाइलवरच्या उभ्या व्हिडिओंना नवं फॅड म्हणणाऱ्यांसाठी ही खास गंमत. जॉन लोगी बेअर्ड यांचं प्रक्षेपण १९२९ मध्ये बीबीसीच्या ट्रान्समीटरवरून सुरू झालं, तेव्हा त्याचं चित्र उभंच होतं: रुंदी ३ तर उंची ७. अख्खं चित्र फक्त ३० रेषांचं आणि इतकं छोटं, की भिंगातून पाहावं लागे. एका माणसाचा चेहरा दाखवायला तो आकार पुरेसा होता.

चौकोनी टीव्ही आला सिनेमातून
थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी १८९० च्या दशकात ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चार छिद्रांइतक्या उंचीची चौकट बसवली. तिचं प्रमाण झालं ४:३. मूकपटांचा जमाना त्याच आकारात गेला आणि टीव्हीनं तोच उचलला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते याच चौकटीत आणि १९८७ मध्ये 'रामायण' पाहायला गल्ल्या ओस पडल्या त्याही याच चौकटीसमोर.

टीव्हीला घाबरून सिनेमा पसरला
१९५० च्या दशकात अमेरिकेतला प्रेक्षक टीव्हीसमोर घरी बसू लागला. मग घरात मिळणार नाही असं काहीतरी द्यायचं, म्हणून सिनेमानं पडदा आडवा ताणला. १९५३ मध्ये 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला, चित्र उंचीच्या अडीचपटीहून रुंद! आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्त यांनी 'कागज के फूल' सिनेमास्कोपमध्ये केला. त्यातली व्ही. के. मूर्ती यांची प्रकाशयोजना आजही अभ्यासली जाते.

१६:९ कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा
एक चौकोनी, एक लांबट; मग नव्या टीव्हीचा आकार कोणता? १९८० च्या दशकात अमेरिकन अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी तेव्हा वापरात असलेल्या सगळ्या चित्रप्रमाणांचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत काढले आणि एकावर एक ठेवले. सगळ्यांना कवेत घेणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांच्या आत मावणारा आयत, दोघांचं प्रमाण एकच निघालं, सुमारे १.७७. हाच आपला १६:९. आणखी एक मौज पाहा: ४ भागिले ३ ला स्वतःनंच गुणा, उत्तर बरोबर १६ भागिले ९!

काळ्या पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे
सिनेमास्कोप चित्रपट लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि पडद्याचा सुमारे पाव भाग रिकामा राहतो. जुनी ४:३ मालिका लावली की डावी-उजवीकडे पट्ट्या, तिथेही बरोबर पाव भाग रिकामा. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पाहताना बाजूंना पट्ट्या दिसल्या तर समजा, चित्र दिग्दर्शकानं योजलं तसंच दिसतंय. पडदा भरावा म्हणून ते ताणलं तर प्रत्येक चेहरा एक तृतीयांशानं रुंद होतो. 'झूम' केलं तर उंचीचा पाव भाग कापला जातो, कुणाचं डोकं जातं तर कुणाचे पाय. चित्र जसं घडवलं तसं पाहणं हा त्या कलाकारांचा मान आहे. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडा आणि पट्ट्यांना सुखानं राहू द्या.

पट्ट्या हटवायला निघालेला टीव्ही
फिलिप्सनं २००९ मध्ये चक्क २१:९ आकाराचा ५६ इंची टीव्ही आणला. सिनेमास्कोप चित्रपट त्यावर काठोकाठ भरायचा. पण बातम्या, मालिका आणि क्रिकेट तर १६:९ मध्ये! त्या वेळी पट्ट्या बाजूंना यायच्या. काही वर्षांतच हा आकार बाजारातून गेला.

जुना २१ म्हणजे नवा २६
जुन्या २१ इंची पेटीची उंची आणि आजच्या २६ इंची सपाट टीव्हीची उंची जवळपास सारखी, साडेबारा इंचांच्या आसपास. म्हणजे जुनी मालिका २६ इंचीवर लावली तर माणसं पूर्वीइतकीच मोठी दिसतात. ५५ इंचीवर हेच ४:३ चित्र ४५ इंची होऊन बसतं.

दोनशे किलोचा ४३ इंची
सोनीनं १९८९ च्या सुमारास काचेच्या नळीचा ४३ इंची टीव्ही बनवला. नळीच्या टीव्हींमधला हा सर्वांत मोठा आणि वजन सुमारे २०० किलो! पडदा वाढवायचा तर हवेचा दाब सोसणारी काचही तितकी जाड लागे, म्हणून नळीचा टीव्ही त्यापुढे वाढूच शकला नाही. आजचा ४३ इंची टीव्ही एकटा माणूस उचलतो.

एकात वीस दूरदर्शन
आपल्या जुन्या प्रक्षेपणात ६२५ रेषा असत, त्यांतल्या ५७६ चित्राच्या. डिजिटल हिशेबात ते चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. फोर-के पडद्यावर ठिपके असतात ८२ लाख ९४ हजार ४००. भागाकार करा: बरोबर २०! म्हणूनच जुनं गाणं मोठ्या पडद्यावर धूसर दिसतं. टीव्हीला एकेका ठिपक्याच्या जागी पंधरा-वीस ठिपके भरावे लागतात, आणि एक सोडून बाकीचे तो अंदाजानं भरतो. जुने कार्यक्रम जास्त पाहणाऱ्या घरात अवाढव्य पडद्यापेक्षा मध्यम पडदा डोळ्यांना जास्त सुखावतो.

डोळ्यांनाही हद्द आहे
फुल एचडीचे ठिपके वेगळे दिसेनासे होतात ते पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर. फोर-केचे दीडपटीच्या जरा पुढे. ५५ इंची टीव्हीला हे मोजलं तर एचडीसाठी सुमारे ७ फूट आणि फोर-केसाठी साडेतीन फूट. सोफा ९ फुटांवर असेल तर केवळ बारीक ठिपक्यांसाठी दिलेले जादा पैसे डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. रंगांची खोली आणि काळ्याचा गडदपणा मात्र तेवढ्या लांबूनही जाणवतो. याच गणिताची दुसरी बाजू लहान घरांसाठी आनंदाची आहे: फोर-के पडद्याजवळ बसलं तरी चित्र फुटत नाही, त्यामुळे छोट्या हॉलमध्येही मोठा टीव्ही शोभतो.

आता घ्यायचा कुठला?
सिनेमासाठीचं एक जुनं, भरवशाचं माप आहे: पडद्यानं आपल्या नजरेचा ३० अंशांचा कोन भरावा. त्यावरून निघतो सोपा गुणाकार. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे फूट मोजा आणि त्यांना साडेसातनं गुणा. ६ फूट असतील तर ४५, म्हणजे ४३ इंची उत्तम. ८ फुटांना ६०, म्हणजे ५५ किंवा ६५. १० फुटांना ७५. घरात मुख्यतः बातम्या आणि मालिका चालत असतील तर एक माप खाली उतरलात तरी काही बिघडत नाही. सिनेमा आणि क्रिकेटचं वेड असेल तर हातचं राखू नका.

आणि टीव्ही दाराच्या चौकटीइतका उंच टांगू नका. बसल्यावर पडद्याचा मध्य नजरेच्या रेषेत यावा, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर. मान वर करून पाहिलेला तीन तासांचा सिनेमा मानेला महागात पडतो.

ऑफर वाचण्याआधी, ब्रँड ठरवण्याआधी घरातली मेजरटेप काढा आणि सोफा ते भिंत हे अंतर मोजून कागदावर लिहा. तो कागद खिशात घेऊनच दुकानात जा आणि तो सांगेल तेच माप घ्या.