व्यायामाची पुण्याई साठत नाही

सप्टेंबर २०१५. अमेरिकेतील बास्केटबॉलपटू डॅरिल डॉकिन्स यांच्या अंत्यसंस्काराला त्यांचे जुने सहकारी आणि प्रतिस्पर्धी जमले होते. सहा फूट अकरा इंच उंचीचे डॉकिन्स इतक्या ताकदीने चेंडू बास्केटमध्ये आदळत, की १९७९ मध्ये त्यांनी बास्केटमागचा काचेचा फळा दोनदा फोडला होता. ५८ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. अंत्यसंस्काराला आलेल्यांमध्ये मोझेस मलोन होते. ‘एनबीए’ या व्यावसायिक लीगमध्ये तीनदा सर्वोत्कृष्ट ठरलेला हा खेळाडू. आठवडाभरानंतर, १३ सप्टेंबरला, मलोन हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. वय ६०, कारण पुन्हा हृदयविकार. ठोके अनियमित पडतात अशी त्यांची तक्रार होती आणि ठोक्यांची नोंद करणारे यंत्र त्यांच्या अंगावरच होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अँथनी मेसन हृदयविकारानेच गेले होते, अवघ्या ४८ व्या वर्षी.

ज्यांनी उभे तारुण्य धावण्यात आणि उड्या मारण्यात घालवले, त्यांचे हृदय साठीच्या आत का थकावे?

मोठे शरीर, मोठे हृदय

पहिला संशय खेळावरच येतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरांनी ‘एनबीए’मधील ५२६ खेळाडूंच्या हृदयाची सोनोग्राफी तपासली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साधारण चौघांपैकी एकाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याचे वस्तुमान नेहमीपेक्षा जास्त आढळले. पण या खेळाडूंचे हृदय मुख्यतः त्यांच्या शरीराच्या आकाराच्या प्रमाणात वाढलेले होते. नियमित सरावाने हृदयाचा स्नायू बळकट होतो, सराव थांबल्यावर ही वाढ बऱ्याच अंशी ओसरते. हा आजार नव्हे.

उंचीचा हिशेबही सरळ नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे होण्याचा धोका उंच माणसांत सरासरीने थोडा कमीच असतो. मात्र हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरतात, तो ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा विकार उंच माणसांत जास्त आढळतो. त्यात रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो.

म्हणजे उंचीचा थोडा वाटा आहे. पण निवृत्तीनंतर आयुष्य कसे बदलते, हेही पाहायला हवे.

घंटा वाजायची थांबते

व्यावसायिक बास्केटबॉलमधील कारकीर्द सरासरी पाचेक वर्षांचीच असते. तिशीच्या आसपास बहुतेकांचा खेळ संपतो. काल-परवापर्यंत सरावाची वेळ ठरलेली, आहार ठरलेला, वजनावर कोणीतरी लक्ष ठेवणारे आणि जरा दुखले तर डॉक्टर हजर. एके दिवशी हे सगळे एकदम थांबते. भूक मात्र तशीच राहते. वर्षानुवर्षे उड्या मारून गुडघे आणि घोटे झिजलेले असतात, त्यामुळे पूर्वीसारखे धावता येत नाही. वजन वाढते, रक्तदाब वाढतो. सात फुटी देहावर पंचवीस किलो चढले तरी पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही. आणि ‘मी तर खेळाडू आहे’ ही जाणीव दवाखान्याची पायरी चढू देत नाही.

तंदुरुस्त दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे, याचा एक विलक्षण दाखला पीट मॅराविच यांचा. दहा वर्षे ते व्यावसायिक बास्केटबॉल खेळले. १९८८ मध्ये मित्रांबरोबर सहज खेळताना कोसळले आणि ४० व्या वर्षी गेले. शवविच्छेदनात कळले, की हृदयाला रक्त पुरवणारी डावी मुख्य रक्तवाहिनी त्यांना जन्मतःच नव्हती. इतक्या वर्षांत हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

वेळीच कळले, म्हणून

आता दुसरी बाजू. सात फूट दोन इंचांचे करीम अब्दुल-जब्बार २० हंगाम खेळून १९८९ मध्ये निवृत्त झाले. ३८,३८७ गुणांचा त्यांचा विक्रम २०२३ पर्यंत कोणी मोडू शकले नाही. निवृत्तीनंतर ते लेखक म्हणून नावारूपाला आले. २००८ मध्ये त्यांना रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. गोळ्यांनी तो आटोक्यात राहिला. मलोन आणि डॉकिन्स ज्या वर्षी गेले, त्याच २०१५ मध्ये एप्रिलमध्ये करीम यांच्या हृदयावर चार रक्तवाहिन्यांची बायपास झाली. पुढे एट्रियल फिब्रिलेशनही निघाले. धाप आणि चक्कर यांकडे आपण आधी दुर्लक्ष केले, अशी कबुली देत त्यांनी या विकाराबद्दल लोकजागृती सुरू केली. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली, ती आजार टळले म्हणून नाही, तर वेळीच उपचार मिळाले म्हणून.

२०१५ च्या मृत्यूंनी खेळाडूंच्या संघटनेलाही हलवले. २०१६ मध्ये, किमान तीन वर्षे खेळलेल्या निवृत्त खेळाडूंच्या आरोग्य विम्याचा खर्च उचलायचे सध्याच्या खेळाडूंनी एकमताने ठरवले. निवृत्तांसाठी हृदयतपासणीची शिबिरेही भरवली गेली.

हे आपल्याला का सांगायचे? कारण शाळा-कॉलेजात कबड्डी, खो-खो, क्रिकेट गाजवलेली आणि पुढे पंचवीस वर्षे खुर्चीला चिकटलेली माणसे आपल्याही घरात आहेत. तेव्हाच्या व्यायामाची पुण्याई आज कामी येत नाही. त्यासाठी आज चालावे लागते. चाळिशीनंतर दरवर्षी रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. महिन्यातून एकदा मनगटावर दोन बोटे ठेवून मिनिटभर नाडी पाहावी. ठोके वेडेवाकडे लागले, तर ईसीजी काढून घ्यावा. आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा मैदानावर उतरायचे मनात असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे, मग बूट बांधावेत.