मेंदूच्या प्रयोगशाळेत इंजिनिअरचं काय काम?

मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचे विद्यार्थी यंत्रांची देखभाल करतात. हे काम दुय्यम मानलं जातं, ते काही गैरसमजांमुळे.

गैरसमज : हे क्षेत्र जीवशास्त्राचं, इंजिनिअर तिथे नुसता मदतनीस.
वस्तुस्थिती : पेशीच्या आवरणातल्या एकेका आयन चॅनलमधून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या सूक्ष्म वाटेतून, वाहणारा विद्युतप्रवाह एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये मोजून दाखवला. हा प्रवाह असतो काही पिकोअँपिअर. एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा लाख-कोटीवा भाग. नेहर मूळचे भौतिकशास्त्राचे. इतका क्षीण प्रवाह पार्श्वभूमीच्या विद्युत गोंगाटातून वेगळा काढणं हाच या ‘पॅच क्लॅम्प’ तंत्राचा गाभा होता. १९९१ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

गैरसमज : देखभाल म्हणजे बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करणं.
वस्तुस्थिती : बंद पडलेलं यंत्र निदान कळतं तरी. खरा धोका चालू राहून चुकीचे आकडे देणाऱ्या यंत्राचा. इलेक्ट्रोडच्या चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा थर असतो. तो झिजला की मोजमाप हळूहळू सरकू लागतं, पण पडद्यावर रेघ उमटतच राहते. म्हणून तार घासून, ब्लीचमध्ये बुडवून तिच्यावर पुन्हा करडा-काळसर थर चढवावा लागतो. काम पाच-दहा मिनिटांचं. ते राहिलं तर अख्ख्या दिवसाच्या नोंदी संशयास्पद ठरू शकतात.

गैरसमज : विजेचा गोंगाट सॉफ्टवेअरने नंतर काढता येतो.
वस्तुस्थिती : डोक्यावरून घेतलेल्या ईईजीचे संकेत सहसा दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचे असतात आणि भोवती २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज खेळत असते. फिल्टर लावून ५० हर्ट्झ गाळता येतं, पण मेंदूच्या गॅमा लहरीही साधारण ३० ते ८० हर्ट्झच्याच. गाळताना त्यांचाही काही भाग जातो. म्हणून आधी मूळ शोधायचं. एकेक उपकरण बंद करून रेघ पाहायची, अर्थिंगचे फेरे, म्हणजे ग्राउंड लूप, तोडायचे, बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या जाळीची, म्हणजे फॅरडे पिंजऱ्याची, जोडणी तपासायची. मात्र गोंगाट कमी व्हावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणं जिवावर बेतू शकतं. तो उपाय कधीच नाही.

गैरसमज : महागडं यंत्र म्हणजे अचूक मोजमाप.
वस्तुस्थिती : अचूकता किमतीवर नव्हे, पडताळणीवर ठरते. पेशीच्या जागी, मूल्य ठाऊक असलेले रोधक आणि धारित्र जोडलेली ‘मॉडेल सेल’ लावली की अँप्लिफायर खरं बोलतो की नाही, ते लगेच कळतं. काय तपासलं, काय बदललं आणि किती फरक पडला, हे तारखेसह नोंदवहीत लिहायलाच हवं.

उपकरणावर विश्वास नसेल, तर त्यातून निघालेल्या निष्कर्षावरही ठेवता येत नाही. हा विश्वास टिकवणाऱ्या विद्यार्थ्यांना संशोधनाच्या बैठकीत बसवावं, त्यांचं म्हणणं ऐकावं आणि शोधनिबंधात त्यांच्या कामाचं श्रेय नोंदवावं. ते त्यांच्या हक्काचं आहे.