धातूचा रस गोठताना : क्ष-किरणांची साक्ष

हिंडलगा व बेळगावचा परिसर ओतकामाच्या धंद्यास परका नाही. उद्यमबागेतील ओतशाळांत मुख्यतः लोखंड ओतले जाते. त्या रसात अल्प मॅग्नेशियम मिसळल्यास त्यातील ग्रॅफाइट गोलाकार बनतो व ओतीव लोखंडाचा ठिसूळपणा कमी होतो, हे धातूचा व्यापार करणारे आमचे सभासद बंधू जाणतातच. याच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंविषयी येथे थोडे विवेचन करण्याचे आम्ही योजिले आहे.

मॅग्नेशियमची घनता १.७४, अॅल्युमिनियमची २.७०, तर लोखंडाची ७.८७. हलकेपणाच्या या गुणामुळे वाहनांच्या भागांसाठी त्यास मागणी असते. परंतु रस साच्यात गोठत असताना कधी कधी बारीक भेगा पडतात. वरून निर्दोष दिसणारा माल पुढे भाराखाली तुटतो आणि विकणाऱ्याची पत जाते. हा दोष नेमका केव्हा उत्पन्न होतो?

याचे उत्तर क्ष-किरण देतात. इ. स. १८९५ मध्ये राँटगेन यांनी हे किरण शोधले. १९१२ मध्ये लाउए यांच्या प्रयोगात स्फटिकांतून त्यांचे विवर्तन दिसून आले आणि ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून अणूंची रचना वाचण्याची रीत बसविली. द्रवात अणू अस्ताव्यस्त असल्याने पडद्यावर केवळ धूसर वलय उमटते; स्फटिक बनताच रेखीव वलये प्रकटतात. प्रत्येक स्फटिकाची वलये निराळी असल्याने कोणता पदार्थ कोणत्या तापमानास जन्मला हे कळते.

उदाहरणार्थ, सुमारे ९ टक्के अॅल्युमिनियम व १ टक्का जस्त असलेला मिश्रधातू घेऊ. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला मॅग्नेशियमचे षट्कोनी स्फटिक बनू लागतात. उरलेल्या रसात अॅल्युमिनियमचे प्रमाण वाढत जाते व ४३५ अंशांच्या आसपास १७ मॅग्नेशियम-अणू व १२ अॅल्युमिनियम-अणू या प्रमाणाचे संयुग कणांच्या फटींत गोठते. या दीर्घ अंतरात धातू आकुंचन पावतो. फटीत पुरेसा रस न पोहोचल्यास तेथेच भेग पडते.

साध्या यंत्रातील किरण धातूच्या पृष्ठभागाखाली फार खोल जात नाहीत. म्हणून हॅम्बुर्ग येथील पेट्रा-३ सारख्या सिंक्रोट्रॉन यंत्रांतील प्रखर किरण तापत्या नमुन्यातून आरपार सोडून गोठण्याची क्रिया प्रत्यक्ष घडत असतानाच पाहतात. आपल्या देशात इंदूर येथे इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन यंत्र आहे.

परमाणू एकत्र येऊन स्कंध बनतो, ही पुद्गलविषयक कल्पना जैन वाचकांस परिचित आहे. ती व आधुनिक स्फटिकशास्त्र एकच, असे आम्ही म्हणत नाही. परंतु वस्तूचे गुण घटकांच्या बांधणीवरही अवलंबून असतात, हा बोध घेण्यासारखा आहे. रासायनिक तपासणीचा दाखला मालात काय आहे ते सांगतो. ते कसे बांधले गेले हे सांगत नाही. एकाच रसाची दोन ओतकामे निराळ्या वेगाने थंड झाली तर निराळी निपजतात. म्हणून माल घेताना व देताना केवळ दाखल्यावर न विसंबता तो कसा गोठविला हेही विचारावे, अशी आमची सभासदांस नम्र सूचना आहे.