‘हेझिंग नाही गं ताई, प्रोसेस!’

मागच्या दिवाळीत मावसबहिणीचा व्हिडीओ कॉल आला होता. ती अमेरिकेतच वाढलीय, आता तिथेच कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मागे एक मुलगी दिसली म्हणून विचारलं, ही कोण? तर म्हणाली, ‘‘ताई, ही माझी बिग आहे. मी तिची लिटल.’’ मला आधी वाटलं, पिझ्झाच्या साइजबद्दल बोलतेय! मग कळलं, बाईसाहेबांनी सोरोरिटी जॉइन केलीय. मावशीच्या पोटात गोळा, कारण तिने पाहिलेल्या सिनेमांत सोरोरिटी म्हणजे गुलाबी ड्रेस, दारू आणि धिंगाणा.

तुमच्याही डोळ्यांसमोर हेच आलं ना? मग आज जरा या ‘ग्रीक लाइफ’ची भाषा समजून घेऊ. एमएससाठी जाणाऱ्यांचा या प्रकाराशी फारसा संबंध येत नाही, कारण हा मुख्यतः पदवीच्या मुलांचा मामला. पण बारावीनंतर थेट तिकडे जायचा प्लॅन असेल किंवा तुमची भावंडं तिथे शिकत असतील, तर हे शब्द लवकरच कानावर पडणार आहेत.

आधी थोडा इतिहास

‘फ्रॅटर’ म्हणजे लॅटिनमध्ये भाऊ, ‘सोरोर’ म्हणजे बहीण. आपल्या ‘भ्रातृ’ आणि ‘स्वसृ’ या शब्दांचे हे लांबचे नातेवाईकच. म्हणून मुलांची ती फ्रॅटर्निटी आणि मुलींची ती सोरोरिटी. सुरुवात झाली 1776 मध्ये व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात. तिथल्या काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ नावाचं गुप्त मंडळ काढलं. नाव ग्रीक अक्षरांचं, म्हणून पुढे सगळ्यालाच ‘ग्रीक’ चिकटलं. गंमत म्हणजे आज फाय बीटा कॅपा ही हुशार विद्यार्थ्यांचा सन्मान करणारी संस्था आहे, पार्टीबिर्टीशी तिचा काही संबंध नाही.

कोडवर्ड समजून घ्या

रश : नवे मेंबर निवडण्याचा सीझन. नवी मुलं एकेका हाउसला जातात, गप्पा मारतात, दोन्ही बाजू एकमेकांना जोखतात. आता अधिकृत भाषेत याला ‘रिक्रूटमेंट’ म्हणतात, पण कॅम्पसवर अजून रशच चालतं. 2021 च्या ऑगस्टमध्ये अलाबामा विद्यापीठातल्या मुलींनी रशच्या दिवसांतले आपले कपडे टिकटॉकवर दाखवायला सुरुवात केली आणि ‘रशटॉक’ जगभर गाजलं.

बिड : ‘ये आमच्यात’ असं रीतसर आमंत्रण. ज्या दिवशी ते मिळतं तो बिड डे. आपल्याकडे एकांकिकेच्या टीममध्ये सिलेक्शनची यादी लागते, तेव्हा जे पोटात होतं तेच.

प्लेज : बिड स्वीकारलेला, पण अजून पक्का मेंबर न झालेला उमेदवार. हा शब्दही आता बऱ्याच ठिकाणी बदलून ‘न्यू मेंबर’ केलाय.

बिग आणि लिटल : सीनिअर आणि तिने दत्तक घेतलेली ज्युनिअर. नोट्सपासून ब्रेकअपपर्यंत सगळं बघणारी ताईच म्हणा.

लेगसी : जिची आई, आजी किंवा बहीण त्याच सोरोरिटीत होती ती. अशा मुलींना आपोआप मिळणारं झुकतं माप अनेक सोरोरिटींनी अलीकडे बंद केलंय.

हेल वीक : पक्कं मेंबर होण्याआधीचा शेवटचा आठवडा. नावातच नरक आहे. यावर पुढे बोलूच.

सिनेमातलं किती खरं?

1978 च्या ‘अ‍ॅनिमल हाउस’ने फ्रॅट म्हणजे बिअर पिणारी वाह्यात पोरं हा साचा पक्का केला. 2001 च्या ‘लीगली ब्लॉन्ड’मध्ये सोरोरिटीची प्रेसिडेंट असलेली एल वूड्स हार्वर्डला वकिली शिकायला जाते आणि तिला कुणी सीरियसली घेत नाही. तो सिनेमा या साच्यावरच बेतलाय.

पण एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. मुलींच्या मोठ्या, राष्ट्रीय सोरोरिटींच्या हाउसमध्ये साधारणपणे दारूला बंदीच असते. म्हणजे पार्टी होते ती मुलांच्या हाउसमध्ये. दारात कोण उभं राहणार, कुणाला आत घेणार, ग्लासात काय ओतणार, हे सगळं मुलं ठरवतात. आणि बदनाम मात्र ‘सोरोरिटी गर्ल’ होते.

बऱ्याच कॅम्पसवर एक अफवाही वर्षानुवर्षं फिरतेय. एका घरात अमुक इतक्या मुली राहिल्या तर कायद्याने ते कुंटणखाना ठरतं, म्हणून इथे सोरोरिटी हाउस नाहीत, अशी ती अफवा. असा कायदा असल्याचं शोधूनही कुणाला सापडलेलं नाही. तरी दरवर्षी कुणीतरी सीनिअर नव्या पोरांना हे ठासून सांगतो. मुलींच्या हॉस्टेलबद्दल आपल्याकडे काय काय बोललं जातं ते आठवा, लगेच लिंक लागेल.

साच्यात न बसणारे

सिनेमात दिसतात ते बहुतेक गोरे, पैसेवाले. जिथे गोऱ्यांच्या संघटनांनी दारं बंद ठेवली, तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःच्या संघटना उभ्या केल्या. 1906 मध्ये कॉर्नेलला ‘अल्फा फाय अल्फा’ सुरू झाली. मार्टिन ल्यूथर किंग तिचे सदस्य. 1908 मध्ये हॉवर्ड विद्यापीठात ‘अल्फा कॅपा अल्फा’ ही सोरोरिटी आली. कमला हॅरिस तिच्या सदस्य. अशा नऊ संघटनांना मिळून ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात. त्यांचं नातं पदवीनंतरही सुटत नाही, समाजकार्य आयुष्यभर चालू राहतं. टाळ्या आणि पायांच्या ठेक्यावरचं त्यांचं ‘स्टेपिंग’ एकदा बघाच!

नव्वदच्या दशकात देसी पोरांनीही हाच रस्ता धरला. 1996 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘सिग्मा बीटा रो’ सुरू झाली. 1998 मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ‘कॅपा फाय गॅमा’ ही दक्षिण आशियाई मुलींची सोरोरिटी आली. हजारोंच्या कॅम्पसवर आपलं म्हणावं असं कुणीतरी हवं, ही गरज खरीच आहे. बहीण म्हणते, पहिल्या सेमिस्टरला ती रोज एकटी जेवायची. आता एकटी जेवत नाही. मावशीला मी एवढंच सांगितलं, तेव्हा ती जरा शांत झाली.

आणि मग मी विचारलं...

‘‘हेझिंग झालं का गं तुझं?’’ मी विचारलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘हेझिंग नाही गं ताई, प्रोसेस.’’

प्रोसेसमध्ये काय होतं? काही आठवडे बाहेरच्या मित्रमैत्रिणींशी बोलायचं नाही. रात्री दोनला उठून सगळ्यांची नावं, गावं, तारखा घडाघडा म्हणून दाखवायच्या. एकीचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मावशीला त्या दिवसांत तिचे फोन येत नव्हते, ते का, हे मला तेव्हा कळलं.

या सगळ्या स्लँगमध्ये मला खटकलं ते हेच. गमतीचा किंवा गुळगुळीत शब्द वापरला की गोष्ट लहान वाटते. 1967 मध्ये येल विद्यापीठात एका फ्रॅटर्निटीत नव्या मुलांना तापलेल्या तारेचा डाग दिला जातो, हे उघड झालं. तेव्हा तिथल्या माजी अध्यक्षाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं, की ती जखम फक्त सिगारेटच्या चटक्याएवढी असते. त्या विद्यार्थ्याचं नाव जॉर्ज डब्ल्यू. बुश!

2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटीत बिड स्वीकारण्याच्या रात्री नव्या मुलांना एकापाठोपाठ एक दारू प्यायला लावली. त्या खेळालाही नाव होतं, ‘गॉन्टलेट’. 19 वर्षांचा एक मुलगा जिन्यावरून पडला. जवळपास बारा तास कुणी मदत बोलावली नाही. तो वाचला नाही. त्यानंतर पेनसिल्व्हेनियाने कायदा कडक केला. 2024 च्या डिसेंबरमध्ये देशपातळीवरही कायदा झाला. आता कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीर कराव्या लागतात.

हे वाचून ‘अमेरिकेत काय काय चालतं’ म्हणणार असाल, तर थांबा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही माझ्या हॉस्टेलवर पहिल्या वर्षी आम्हाला रात्री रांगेत उभं केलं होतं. नजर खाली, नाव-गाव मोठ्याने, हसलं की पुन्हा. त्याला कुणी रॅगिंग म्हणत नव्हतं. ‘इंट्रो’ म्हणायचे.

आता खरं सांगते. दुसऱ्या वर्षी त्या रांगेसमोर मी उभी होते. ‘आमची झाली, मग यांची नको?’ हे वाक्य माझंच. त्यातली एक मुलगी रडली होती. आम्ही तिला नंतर कॉफी पाजली आणि मिटलं असं समजलो. तिच्यासाठी मिटलं का, हे मी कधी विचारलंच नाही. बहिणीशी बोलून फोन ठेवला आणि त्या रात्री तिला मेसेज केला, सॉरी म्हणून. रिप्लाय दुसऱ्या दिवशी आला. ‘‘मला वाटलं होतं तुम्ही विसरलात.’’

तुमच्या कॉलेजात याला काय म्हणतात? इंट्रो, फ्रेशर्सची गंमत, सीनिअर्सचा मान? नव्या बॅचसमोर उभं राहण्याआधी तो शब्द बाजूला ठेवून, आपण नक्की काय करतोय ते एकदा साध्या मराठीत बोलून बघा. आणि रांगेत तुम्ही असाल, तर यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन 24 तास चालू असते : 1800-180-5522. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.