उलाळ आणि धुरजड : बोरघाटातील भारवाहतुकीची भाषा व सुरक्षितता

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला जेथे मावळ तालुका संपतो, तेथे सह्याद्रीचा माथा सोडून रस्ता बोरघाटाने कोकणात उतरतो. हा उतार फार जुना आहे. परंतु चाकाच्या गाडीला तो खऱ्या अर्थाने खुला झाला तो १८३० साली, मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत. त्यापूर्वी घाटावरील माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून खाली जात असे. पाठीवरचे ओझे आणि गाडीतला भार यांत एक मूलभूत भेद आहे. ओझे वाहणाराच ते तोलतो. गाडीत मात्र ओढणारा निराळा आणि वाहणारा निराळा होतो. या दोहोंमधील सांधा हा सुरक्षिततेच्या दृष्टीने गाडीचा सर्वांत नाजूक भाग होय. बैलगाडीपासून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत आणि ट्रॉलीपासून कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरपर्यंत वाहने बदलली, पण हा प्रश्न बदललेला नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय या प्रश्नाची भाषिक बाजू हा आहे. भाराविषयी बोलण्याचे मराठीत दोन प्रकार आढळतात. एक, प्रवास सुरू होण्यापूर्वी भार कसा आहे हे सांगणारा; दुसरा, अपघात घडल्यानंतर काय झाले हे सांगणारा. पहिला प्रकार गाडीवानांच्या बोलीत समृद्ध होता व तो आज क्षीण होत चालला आहे. दुसरा वृत्तपत्रांतून आणि नित्याच्या संभाषणातून बळावला आहे. या बदलाचा संबंध केवळ शब्दसंग्रहाशी नाही. अपघात नेमका केव्हा टाळता येतो या समजुतीशी तो निगडित आहे.

१. गाडीवानाचे दोन शब्द

दोन चाकांच्या गाडीत आसाच्या मागे भार अधिक झाला की दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठते आणि गळ्याखालचा पट्टा त्यांना आवळतो. अशी गाडी ‘उलाळ’ झाली असे म्हणत. याउलट भार पुढे अधिक झाला तर जू मानेवर रुतते. अशी गाडी ‘धुरजड’ होय. ‘धुरा’ आणि ‘जड’ या दोन पदांचा हा समास आपला अर्थ आपणच सांगतो. ‘उलाळ’चा संबंध ‘उलळणे’ या क्रियापदाशी आहे.

हे दोन्ही शब्द स्थितिवाचक आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गाडी अजून उभी असते, बैल जुंपायचे असतात, आणि तरीही ती उलाळ आहे की धुरजड हे सांगता येते. दोष घटनेत रूपांतरित होण्यापूर्वीच त्याला नाव मिळते. नाव मिळाले की उपायही आपोआप सुचतो: चार पेंढ्या मागून काढून पुढे टाकायच्या किंवा पुढच्या मागे. चाकाला लावायच्या दगडाला किंवा लाकडाला ‘उटी’ म्हणतात. तो शब्दही याच कुळातला. गाडी घसरू लागली की उटी शोधायची नसते; गाडी थांबवली की ती लावायची असते.

घाटात या दोन शब्दांना विशेष महत्त्व येते. भाराचा गुरुत्वमध्य आसाच्या वर असल्यामुळे सपाटीवर नीट तोललेली गाडी चढावर मागे झुकते आणि उतारावर पुढे. दर वीस मीटरला एक मीटर असा चढ आणि आसापासून दोन मीटर उंचीवर गुरुत्वमध्य असे धरले, तर तो सुमारे दहा सेंटिमीटर मागे सरकतो. एकच गाडी चढताना उलाळ आणि उतरताना धुरजड होऊ शकते, आणि भार जितका उंच रचावा तितका हा फरक वाढतो. मावळातील भाताच्या पेंढ्याने शिगोशीग भरलेली गाडी वजनाने फार जड नसते. पण ती उंच असते, आणि घाटात उंची हीच अडचण होते.

२. ट्रॉली, ट्रेलर आणि सांधा

मावळात आज बैलगाडीची जागा बहुतांशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली आहे. भात, वैरण, विटा, खडी व मुरूम ती वाहून नेते. मुळशी-मावळच्या परिसरात कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे; तेथील गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या या भागातील रस्त्यांवर रात्रंदिवस दिसतात. तळेगाव व चाकण येथील उद्योगांचा माल ट्रेलरवरील कंटेनरांतून बोरघाट उतरून न्हावा-शेवा बंदराकडे जातो.

या वाहनांबरोबर मराठीत शब्द आले ते मुख्यतः वस्तूंचे: ट्रॉली, हूक, पिन, कंटेनर, ब्रेक. भाराच्या तोलाचे शब्द मात्र त्यांच्याबरोबर आले नाहीत, आणि जे घरात होते ते नव्या वाहनाला लावण्याची सवय जडली नाही. वस्तुतः एका आसाच्या ट्रॉलीला ‘उलाळ’ व ‘धुरजड’ हे शब्द तंतोतंत लागू पडतात. ट्रॉली उलाळ असेल तर ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन त्यांची रस्त्यावरील पकड कमी होते, आणि वेगात मागचा भाग डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागतो. ट्रॉली अति धुरजड असेल तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात व चाक फिरवूनही तो नीट वळत नाही. म्हणून भाराचा मध्य आसाच्या किंचित पुढे ठेवावा, म्हणजे एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा सांध्यावर येईल, असा सर्वसामान्य संकेत आहे. गाडीवानाच्या भाषेत सांगायचे तर गाडी थोडी धुरजड असावी, उलाळ कधीही नसावी.

उतारावर आणखी एक गोष्ट घडते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ट्रॅक्टरने वेग कमी करताच मागचा भार त्याला पुढे ढकलू लागतो; ओढला जाणारा ढकलणारा होतो. वळणावर हा धक्का तिरका बसला, तर पुढचे वाहन व मागचा डबा अडकित्त्याच्या दोन पात्यांप्रमाणे मिटतात. लांब ट्रेलरच्या बाबतीत ओल्या रस्त्यावर हा धोका विशेष असतो, आणि लोणावळा-खंडाळ्याचा पाऊस सर्वपरिचित आहे.

३. ‘ब्रेक फेल झाला’

आता दुसऱ्या प्रकारच्या भाषेकडे वळता येईल. घाटातील अपघातांच्या वार्तांत काही वाक्ये पुनःपुन्हा येतात: ‘ब्रेक फेल झाला’, ‘दोर तुटला’, ‘माल सांडला’, ‘टँकर उलटला’, ‘गाडी सुटली’. या सर्व वाक्यांतील क्रियापदे अकर्मक आहेत. मराठीत ‘तुटणे-तोडणे’, ‘सुटणे-सोडणे’, ‘उलटणे-उलटवणे’ अशा जोड्या आहेत. त्यांपैकी अकर्मक रूप निवडले की कर्ता वाक्यातून निघून जातो. ‘सांडणे’ हा धातू तर दोन्ही प्रकारे चालतो: ‘दूध सांडले’ आणि ‘त्याने दूध सांडले’. अशी निवड खोटेपणाची असते असे नाही. वार्ताहराला कर्ता ठाऊक नसतो, आणि चौकशीपूर्वी तो सांगणे अनुचितही ठरेल. परंतु कर्त्याबरोबर काळही नाहीसा होतो. दोर तुटला तो एका क्षणी. तो कुजका होता किंवा सैल बांधला होता, ही गोष्ट त्या क्षणाच्या कित्येक तास आधीची. लादणे, रचणे, आवळणे, बांधणे, झाकणे ही सकर्मक क्रियापदे वृत्तात येत नाहीत. सुरक्षितता मात्र त्यांच्यातच असते.

‘ब्रेक फेल झाला’ या वाक्यामागे काय असते हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंतचा उतार सुमारे साडेपाचशे मीटर उंचीचा आहे. चाळीस टन वजनाचा ट्रेलर तो उतरतो तेव्हा सुमारे ६० युनिट विजेइतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. वाहन खालच्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन घेते. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर हवेचा व चाकांचा विरोध वजा जाता ती सर्व ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकवर येते. ते तापतात आणि त्यांची पकड जाते. अशा वेळी ब्रेक पायथ्याशी ‘फेल’ होतात, परंतु निर्णय माथ्यावर झालेला असतो.

२६ जुलै २०२५ रोजी खोपोलीजवळ घाट उतरणाऱ्या एका ट्रेलरने द्रुतगती मार्गावर वीसच्या आसपास वाहनांना धडक दिली. त्यात एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. त्याआधी १३ जून २०२३ रोजी लोणावळा-खंडाळ्याच्या दरम्यान कुणे येथील पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि चार जणांचा बळी गेला. मृतांत पुलाखालून जाणारेही होते. तो भार कोणाच्या मागे नव्हता, पुढे नव्हता, वरून आला.

रेल्वेने याच डोंगरात हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. गाडी सुटू शकते हे तेथे गृहीत धरले गेले: उतरणाऱ्या गाड्यांना ठरावीक ठिकाणी थांबा दिला गेला आणि सुटलेली गाडी चढावर वळवून रोखण्यासाठी खास रूळ टाकले गेले. तेथील व्यवस्था घटनेची वाट पाहत नाही, ती स्थिती तपासते.

४. सुटा, मोकळा आणि बाहेर आलेला

भाराच्या संदर्भात ‘सुटा’ हा शब्दही जपून वापरला पाहिजे. बाजारात ‘सुटा माल’ म्हणजे पोत्यात किंवा खोक्यात न भरलेला माल. खडी, वाळू, मुरूम हे या अर्थाने सुटे. पण भरलेला माल बांधलेला असतोच असे नाही. पोती न आवळता रचलेली असतील, किंवा कंटेनरचे चार कोपरे ट्रेलरवर कुलूपबंद केलेले नसतील, तर तो माल सुटा नसूनही मोकळा असतो. सुटा माल झाकावा लागतो. मोकळा माल बांधावा लागतो. ताडपत्री पहिल्याला पुरेशी होईल, दुसऱ्याला नाही. अर्धवट भरलेला टँकर हा तिसरा प्रकार: त्यातील द्रव वळणावर एका बाजूला धावतो आणि तोल बिघडवतो.

नुसत्या वजनामुळे माल जागेवर राहतो ही समजूत चुकीची आहे. जोराचा ब्रेक लागला की वाहन थांबते, माल पुढे जाऊ पाहतो. युरोपातील मानकांनुसार ट्रकवरील बांधणीने मालाच्या वजनाच्या आठ-दशांश इतका जोर पुढच्या दिशेने आणि निम्मा जोर बाजूंना व मागे रोखला पाहिजे. पाच टनांच्या मालाला पुढे रोखण्यासाठी चार टनांचा जोर लागतो. सुतळी तो पेलणार नाही हे उघड आहे.

कायद्याने वाहनाच्या बाहेर येणाऱ्या भारावर निर्बंध घातले आहेत. मालवाहू गाडीच्या मागे सळया काही अंतर बाहेर ठेवण्याची जी मुभा पूर्वी होती, ती २०१४ साली रद्द झाली. मोटार वाहन अधिनियम १९८८ यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार भार बाजूंना, पुढे, मागे किंवा वर मर्यादेबाहेर गेल्यास वीस हजार रुपये दंड आहे. अतिरिक्त वजनासाठी वीस हजार रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनास दोन हजार. तथापि मोकळ्या भाराचा दोष तपासणी नाक्यावरून पाहिल्यास दिसतोच असे नाही. तो बांधणाऱ्याला मात्र दिसतो.

५. मागून येणाऱ्याची भाषा

भारवाहनाच्या मागील फळीवर जे लिहिले जाते, तेही याच विषयात मोडते. ‘हॉर्न ओके प्लीज’ या मजकुरावर महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली, कारण तो विनाकारण भोंगा वाजवण्यास उत्तेजन देतो. ‘अंतर ठेवा’ हा मजकूर निर्दोष असला तरी अपुरा आहे: आज्ञा आहे, माप नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात बावीस मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद धरले तर चव्वेचाळीस मीटर संपतात, आणि त्यानंतर वेग कमी होण्यास आरंभ होतो. ‘पुढचे वाहन ज्या खांबापाशी होते तेथे आपण दोन आकड्यांआधी पोहोचू नये’ हे माप चालकाला वेगमापकाकडे न पाहता वापरता येते. पुढे मोकळा भार असेल, पाऊस असेल किंवा मागचा चालक दुचाकीवर असेल, तर दोनाचे चार करावेत. जुन्या महामार्गाच्या वळणावर सांडलेली मूठभर खडी मोटारीला जाणवत नाही. दुचाकीला ती पाडते.

रात्री प्रश्न अधिक बिकट होतो. मागचे दिवे नसलेली ट्रॉली दिसते तेव्हा अंतर उरलेले नसते, आणि तिची लांबी तर दिसतच नाही. एका ट्रॉलीमागे दुसरी जोडलेली आहे हे ओलांडणाऱ्याला मध्यावर पोहोचल्यावर कळते. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टर, बैलगाड्या व दुचाकी यांना मनाई आहे ती वेगांतील या तफावतीमुळेच. तरीही १५ जुलै २०२४ च्या रात्री, घाटाखाली पनवेलजवळ, पंढरपूरला निघालेल्या भाविकांची बस त्या मार्गावरील ट्रॅक्टरवर आदळून दरीसारख्या खोलगट भागात कोसळली आणि पाच जण मृत्यू पावले. मागील फळीवरचे परावर्तक आणि जळते दिवे हीदेखील एक भाषा आहे. घाटातील चालक अनेक प्रांतांतून येतात आणि मराठी किंवा हिंदी फलक प्रत्येकाला वाचता येईलच असे नाही, पण तांबडा दिवा सर्वांना वाचता येतो.

६. समारोप

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. भाराचा अपघात रस्त्यावर घडतो, पण तो शेतात, खाणीवर किंवा कारखान्याच्या आवारात लादणीच्या वेळी ठरतो. गाडीवानाच्या भाषेत त्या वेळेसाठी शब्द होते. आजच्या व्यवहारभाषेत त्या वेळेवर मौन आहे, आणि अपघाताच्या क्षणासाठी मात्र तयार वाक्ये आहेत.

यातून दोन कामे निघतात. मावळातील वयस्क गाडीवानांच्या बोलीतील भार, तोल व बांधणी यांविषयीचे शब्द, ते बोलणारे आहेत तोवर, गावोगाव टिपून घेतले पाहिजेत. हे काम बोलीअभ्यासकाचे आहे. दुसरे काम परिवहन व शेती यांच्या प्रशिक्षणाचे. ट्रॉली भरणाऱ्या मजुराला ‘गुरुत्वमध्य आसाच्या अग्रभागी ठेवावा’ असे सांगणारी पुस्तिका द्यावी की ‘ट्रॉली उलाळ होऊ देऊ नका’ असे सांगावे, हा प्रश्न शैलीचा नाही. पहिले वाक्य त्याला शिकावे लागेल. दुसरे पुष्कळदा त्याच्या आजोबांना ठाऊक होते. घाटमाथ्यावर गाडी उभी करून दोर ओढून पाहणे, सांध्याची पिन व ब्रेक तपासणे आणि खालचा गिअर टाकणे एवढ्यास काही मिनिटे लागतात. ती मिनिटे ज्या भाषेत मागितली जातात, ती भाषा चालकाला आपली वाटली पाहिजे.