मोटार सुरू कां होत नाहीं ?

जुनी मोटार बाळगणाऱ्याच्या वांट्यास एक प्रसंग ठरलेलाच असतो. घाईच्या वेळीं किल्ली फिरवावी आणि इंजिनानें मौन धरावें ! आमच्या घरीं असेंच घडलें. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली एक जुनी प्रीमियर पद्मिनी वडिलांनीं विकत घेतली होती. आजोबांस डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं न्यावयाचें, त्याच सकाळीं ती अडून बसली. एका कारागिरानें बॅटरी गेली असें सांगितलें, म्हणून नवी आणिली. तरी गाडी सुरू होईना. शेवटीं शेजारच्या वृद्ध ड्रायव्हरकाकांनीं बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यास जाणाऱ्या तारेचा गंजलेला सांधा घासून घट्ट केला, आणि इंजिन तत्काळ धडधडूं लागलें. पैसे गेले आणि आजोबांची वेळहि चुकली.

अशा इंजिनास सुरू होण्यास चार गोष्टी लागतात : तें फिरविणारी शक्ति, योग्य क्षणीं ठिणगी, हवेंत योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल, आणि सिलिंडरांत त्या मिश्रणावर पडणारा पुरेसा दाब. तपासणी याच क्रमानें करावी.

गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, हातब्रेक ओढून, पुढचे दिवे लावावे व किल्ली फिरवावी. दिवे तेजस्वी राहिले व स्टार्टर मुळींच फिरला नाहीं, तर दोष बहुधा स्टार्टरांत किंवा त्याच्या स्विचांत असतो. दिवे अगदीं मंदावले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिचे सांधे सैल आहेत. या दोहोंतील भेद मापकानें कळतो. पूर्ण भरलेली 12 व्होल्टची बॅटरी स्वस्थ असतां सुमारें 12.6 व्होल्ट दाखविते. किल्ली फिरवितांनाहि बॅटरीच्या खुंट्यांवर दाब फारसा उतरला नाहीं, पण दिवे मात्र मंदावले, तर सांध्यांवर संशय घ्यावा. आमच्या गाडीची ही परीक्षा कोणीं केलीच नाहीं.

इंजिन जोरानें फिरतें पण पेटत नाहीं, अशा वेळीं ठिणगी पाहावी. एक प्लग काढून त्याच्या तारेस जोडावा, त्याचें धातूचें अंग इंजिनास टेकवावें व दुसऱ्यास किल्ली फिरविण्यास सांगावें. निळसर, कडक ठिणगी दिसली तर ठीक. कॉइल 12 व्होल्टांचे हजारों व्होल्ट करिते. म्हणून तारेस हात लावूं नये, आणि पेट्रोल सांडलें असेल तेथें ही परीक्षा मुळींच करूं नये. विद्यार्थ्यांनीं ती जाणत्या मनुष्यादेखतच करावी. ठिणगी नसल्यास डिस्ट्रिब्युटरचें झांकण उघडून पाहावें. पावसाळ्यांत त्यांत ओल धरते. कधीं पॉइंट काळवंडतात, कधीं कंडेन्सर किंवा कॉइल निकामी होते.

ठिणगी चांगली असेल, तर काढलेला प्लगच पुढची वार्ता सांगतो. तो कोरडा असल्यास पेट्रोल पोंचत नाहीं : टाकी रिकामी असेल (जुना कांटा खोटें बोलतो), गाळणी तुंबली असेल किंवा पंपाचा पडदा फाटला असेल. उन्हाळ्यांत तापलेल्या नळींत पेट्रोलची वाफ होऊनहि प्रवाह अडतो. तेव्हां इंजिन निवूं देणें हाच उपाय. प्लग ओला असल्यास पेट्रोल फाजील झालें आहे. थंड इंजिनास चोक हवा, परंतु तापलेल्या इंजिनास तोच बाधतो. हें सर्व निर्दोष ठरल्यावरच सिलिंडरांतील दाब मोजावा, कारण तेथील दुरुस्ती सर्वांत खर्चाची असते.

एका वेळीं एकच गोष्ट तपासावी, आणि दोष सिद्ध झाल्यावांचून कांहींहि बदलूं नये. एकाच वेळीं चार भाग बदलले, तर गाडी सुरू होईलहि. पण दोष कोठें होता हें कळणार नाहीं.

आमची जुनी बॅटरी पुढें तपासली, तेव्हां ती निर्दोष निघाली. बिचारीवर आरोप झाला, शिक्षाहि झाली. चौकशी मात्र झाली नव्हती. यंत्राविषयीं असो वा मनुष्याविषयीं, निर्णयाआधीं चौकशी करावी, हा धडा त्या सकाळनें आम्हांस चांगलाच शिकविला.